आयसीयूचा एकच पास

देवळाली प्रवराहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. देवळाली म्हटलं की बाहेरची माणसं नाशिकची देवळाली समजतात. आमची देवळाली राहुरी तालुक्यातली, प्रवरेच्या कालव्यावरची. एरवी या कार्यक्रमात आपण हप्ते, शेळ्या, शिलाई आणि शेवया यांवर बोलतो. आज थोडा इतिहास सांगायचा आहे, आणि तोही दवाखान्यातल्या एका दाराचा.

आमच्या गटांच्या कर्जाच्या वहीत 'कारण' असा एक रकाना असतो. पूर्वी त्यात शेळी, मुलाची फी, घराचे पत्रे असं लिहिलेलं दिसायचं. आता मधूनमधून एकच शब्द येतो, 'आयसीयू'. ज्या घरावर ही वेळ आली, त्या घरातली बाई गटाच्या बैठकीला परत आली की पैशाचं नंतर बोलते. आधी सांगते ते वेगळंच असतं. "मला आत सोडलंच नाही." "पास एकच होता, तो दिरांकडं." "काचंतून बघितलं, तोंड नीट दिसलं नाही." "लेक सासरहून आली, ती जिन्यातच बसून राहिली." इतक्या जणींच्या तोंडून हे ऐकल्यावर आम्हाला प्रश्न पडला. अतिदक्षता विभागाचं हे दार बंद कधी झालं, कुणी केलं, आणि ते कुणासाठी उघडायचं हे ठरवतं कोण?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात आजारी माणूस घरातच असायचं. ओसरीवर बाज टाकायची, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा. आल्यागेल्यानं डोकवायचं, पाय चेपायचे, दोन शब्द बोलायचे. माणूस गेलं तर घरच्यांच्या हातात जायचं. दवाखाने आले तरी ही रीत लगेच मोडली नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या डॉक्टर ज्युलिया बिसेल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायका-मुलांसाठी इस्पितळ उभं केलं. पुढं ते सॅल्वेशन आर्मीकडं गेलं. आज नगरमध्ये सगळे ज्याला बूथ हॉस्पिटल म्हणतात ते हेच. त्या काळातल्या इस्पितळांत रुग्णाबरोबर घरचं एक माणूस असणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं. वऱ्हांड्यात वळकटी, आवारात तीन दगडांची चूल. आजही सिव्हिलच्या आवारात संध्याकाळी डबे उघडलेले दिसतात, ते त्याच चालीवरचं.

आजारी माणूस आणि घरचं माणूस यांना सरकारनं पहिल्यांदा जबरदस्तीनं वेगळं केलं ते प्लेगच्या साथीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारनं साथरोग कायदा केला. पुण्यात रँडची प्लेग कमिटी आली. सोल्जर घराघरात शिरायचे, बगलेत गाठ आहे का बघायचे, आणि आजाऱ्याला उचलून इस्पितळात न्यायचे. घरच्यांना दुसऱ्या छावणीत ठेवायचे. लोकांना रोगाची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही की नेलेलं माणूस परत दिसणार नाही. म्हणून लोक आजारी माणूस माळ्यावर लपवायचे, गाव सोडून रानात झोपड्या घालायचे. याच संतापात २२ जून १८९७ ला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय.

शाळेच्या पुस्तकात कमी जागा मिळते ती दुसऱ्या गोष्टीला. लोकांचा विरोध औषधाला कमी आणि ताटातुटीला जास्त होता. त्यामुळंच मुंबई-पुण्यात निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग इस्पितळं काढली, तिथं आपलं माणूस आपल्या लोकांत राहील म्हणून. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदू प्लेग इस्पितळ काढलं. पण जातीजातीची इस्पितळं झाली तर ज्याच्या बाजूनं कुणीच नाही त्यानं कुठं जायचं? त्याचं उत्तर सावित्रीबाईंनी दिलं. त्यांनी आणि डॉक्टर यशवंत यांनी पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका मुलाला, पांडुरंग बाबाजी गायकवाडला, सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथं आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आम्ही दर वर्षी ३ जानेवारीला फोटोला हार घालतो. आमचं म्हणणं असं की १० मार्चलाही गटागटात ही गोष्ट सांगावी. त्या शिक्षिका होत्या हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटच्या दिवसांत त्या रुग्णाशेजारी उभ्या राहिलेल्या बाई होत्या, हे कमी जणींना माहीत असतं.

आता आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग आला कुठून ते बघू. हे सांगताना थोडं परदेशात जावं लागेल. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. पोलिओनं छातीचे स्नायू लुळे पडले की माणसाला श्वास घेता येत नाही. तिथल्या ब्लेगडॅम इस्पितळात अशी माणसं धडाधड मरत होती, त्यात लहान पोरं फार. ब्यॉर्न इब्सेन नावाचे भूलतज्ज्ञ होते. त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. पण पिशवी दाबायची थांबवायची कधी? थांबलं की श्वास थांबणार. मग वैद्यकीय कॉलेजची मुलं-मुली पाळ्या लावून बसली. सुमारे दीड हजार विद्यार्थी, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. एका खाटेशी एक माणूस, हातात पिशवी. आधी अशा दहा रुग्णांतले आठ-नऊ जात होते, तिथं आता निम्म्याहून जास्त वाचू लागले. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, इब्सेन यांनी कोपनहेगनमध्येच अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग काढला. जगातला पहिला आयसीयू तो, असं मानतात.

ही गोष्ट आम्हाला फार आवडली. आज आयसीयू म्हटलं की डोळ्यांपुढं यंत्रं येतात, टुकटुक आवाज, हिरव्या रेघा, नळ्या. पण पहिलं व्हेंटिलेटर कॉलेजातल्या पोरांचा हात होता. ती पोरं रुग्णाच्या उशाशीच बसलेली असायची.

आपल्याकडं साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या मोठ्या इस्पितळांतून हे विभाग सुरू झाले, पहिल्यांदा हृदयविकाराच्या रुग्णांसाठी. ब्रीच कँडी इस्पितळातला विभाग डॉक्टर फारूख उदवाडिया यांनी उभा केला. त्यांनी धनुर्वातावर मोठं काम केलं. धनुर्वात म्हणजे काय हे जुन्या बायकांना विचारा. बाळाची नाळ विळ्यानं किंवा गंजक्या ब्लेडनं कापली की बाळ ताठ व्हायचं आणि जायचं. बाळंतिणीही जायच्या. मोठ्या माणसाला शेतात खिळा लागला तरी तेच. अशा रुग्णाचे झटके औषधानं थांबवायचे आणि तोवर श्वास यंत्रानं चालू ठेवायचा, ही रीत मुंबईत रुजली. आता गरोदरपणातल्या सुया आणि दवाखान्यातली बाळंतपणं यामुळं २०१५ मध्ये भारत बाळंतिणींच्या आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यात आशाताईंचा आणि नर्सबाईंचा वाटा किती, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

आमच्या भागात मोठा दवाखाना म्हणजे लोणी. सहकारी साखर कारखान्याच्या पाठबळातून सत्तरच्या दशकात तिथं ग्रामीण रुग्णालय उभं राहिलं, १९८४ मध्ये मेडिकल कॉलेज आलं. त्याआधी गंभीर रुग्णाला नगर किंवा पुणं गाठावं लागायचं. आता राहुरी फॅक्टरीपासून श्रीरामपूर, लोणी, नगर, कुठल्याही दिशेला निघालं तरी वाटेत आयसीयूची पाटी दिसते. २०१४ पासून १०८ ची गाडी आहे. म्हणजे दार जवळ आलं. दाराच्या आत जाणं मात्र तितकं सोपं झालं नाही.

दार बंद ठेवायला कारणं आहेत, ती खोटी नाहीत. आतल्या माणसाची ताकद संपलेली असते. गळ्यात नळी, मानेत सुई, लघवीची नळी, म्हणजे जंतूंना शिरायला चार वाटा उघड्या. सिस्टरला दर तासाला नोंदी करायच्या असतात. एखाद्याची नाडी थांबली तर अर्ध्या मिनिटात चौघंजण खाटेशी यावे लागतात, तिथं आपला गोतावळा उभा असून चालत नाही. आपणही काही कमी नाही. अंगारा आणतो, नारळाचं पाणी चमच्यानं पाजायला बघतो, गळ्यात नळी असलेल्या माणसाला "बोल ना, ओळखलं का" म्हणून हलवतो. एका खाटेला भेटायला अख्खी गल्ली येते, आणि नाही आलो तर सोयरे बोल लावतात.

पण दार बंद म्हणजे रुग्ण सुरक्षित, हेही पूर्ण खरं नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी एका आयसीयूत हे तपासून बघितलं. काही महिने भेटीवर कडक बंधनं ठेवली, काही महिने घरच्यांना मोकळेपणी येऊ दिलं. २००६ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. मोकळ्या भेटीच्या काळात खोलीत जंतू जास्त सापडले, पण रुग्णांना होणारा जंतुसंसर्ग वाढला नाही. उलट हृदयाचे गंभीर त्रास कमी झाले, रुग्णांची घबराट कमी झाली. अभ्यास छोटा होता, सव्वादोनशे रुग्णांचा. सगळ्या दवाखान्यांना तो जसाच्या तसा लागू होईल असं नाही. तरी 'घरचं माणूस म्हणजे घाण' हे समीकरण त्यानं हलवलं एवढं खरं.

त्याच्याही कितीतरी आधी आपल्या मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, एका बाईनं हे करून दाखवलं होतं. डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस तिथं नवजात बाळांच्या विभागात होत्या. धारावीसारख्या वस्त्यांतल्या बायका तिथं बाळंत होतात. कमी वजनाची, दिवस न भरलेली बाळं काचेच्या पेटीत, आणि आया बाहेर. बाळं जंतुसंसर्गानं दगावायची. सिस्टर कमी, बाटलीचं दूध वरचं. डॉक्टर फर्नांडिस यांनी आयांनाच आत घेतलं. हात धुवायला शिकवलं, दूध काढून पाजायला शिकवलं, बाळाला सांभाळायला शिकवलं. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठी १९८९ मध्ये त्यांनी मातृदुग्ध पेढी काढली, आशियातली पहिली. दार उघडून माणसं आत घेतली आणि बाळं जगली. सरकारी खात्याला हे पटायला वेळ लागला. नवजात बाळांच्या विभागात घरच्यांना आत घेऊन काळजीत सामील करावं, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं २०१७ मध्ये काढली.

आणि तरीही ९ जानेवारी २०२१ ची रात्र आलीच. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. मध्यरात्र उलटून गेलेली होती. त्या दहाजणींबद्दल आम्ही आमच्या बैठकीत बोललो तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नव्हतं.

आता अरुणा शानबागची गोष्ट. ती बऱ्याच जणींनी ऐकली असेल, पण बहुतेक वेळा तिचा एकच भाग सांगितला जातो, अत्याचाराचा. आम्हाला दुसरा भाग सांगायचा आहे.

अरुणा कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी. नर्स होऊन मुंबईच्या केईएम रुग्णालयात कामाला लागली. लग्न ठरलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ ला ड्युटी संपल्यावर त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूला प्राणवायू पोचला नाही. ती जिवंत राहिली, पण परत बोलली नाही, चालली नाही. घरचे हळूहळू येईनासे झाले. त्यांना नावं ठेवायचा अधिकार आपल्याला नाही. किती वर्षं येणार, कुठून पैसे आणणार? पण मग तिचं कोण उरलं? केईएमच्या नर्सेस. चार नंबरच्या वॉर्डाशेजारच्या खोलीत ती बेचाळीस वर्षं होती. पहिल्या नर्सेस निवृत्त झाल्या, दुसऱ्या आल्या, तिसऱ्या आल्या. तिच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या मुली नर्स होऊन तिला भरवायला लागल्या. तिला मासे आवडतात हे एकीनं दुसरीला सांगितलं. १ जूनला तिचा वाढदिवस व्हायचा. एवढी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. ज्यांनी सासू-सासऱ्यांचं अंथरुणातलं केलंय, त्यांना हे काय काम आहे ते कळेल.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं. पुढं त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या, की हिला असं जगवणं थांबवा. ७ मार्च २०११ ला निकाल आला. न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, काही परिस्थितीत उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जगवण्याचे उपचार थांबवता येतील. दुसरी गोष्ट आमच्या विषयाची आहे. अरुणाच्या वतीनं बोलण्याचा हक्क कुणाचा? न्यायालयानं म्हटलं, पुस्तक लिहिणारीचा नाही, तर इतकी वर्षं तिची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या केईएमच्या लोकांचा. नर्सेसना ती जगायला हवी होती. त्यांचं ऐकलं गेलं. १८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणा गेली.

पिंकी विराणींचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या अर्जामुळंच देशात या प्रश्नावर कायदा बोलायला लागला. आमच्या बैठकीत यावर दोन तट पडले होते आणि ते अजून तसेच आहेत. पण न्यायालयाच्या त्या एका वाक्यात आम्हाला मोठा आधार दिसतो. नातं रक्तानं ठरतं, लग्नानं ठरतं, तसं ते सेवेनंही ठरतं. मग जी सून सहा वर्षं सासूचं करते, जी लेक दर आठवड्याला माहेरी येऊन बापाच्या गोळ्या बघते, ती आयसीयूच्या दारात परकी कशी?

आमच्या ओळखीतल्या एकीचं सांगतो. नवऱ्याला आयसीयूत ठेवलेलं. दवाखान्याचं नाव घ्यायचं कारण नाही, असं कुठंही घडतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, "पेशंटचं कोण आहे?" ही उठून उभी राहिली. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. "घरात मोठं कोण आहे? पुरुषमाणूस कोण?" नवऱ्याचा चुलतभाऊ होता, तो पुढं झाला. दोन वर्षांत त्याचं आणि यांचं बोलणं नव्हतं. व्हेंटिलेटर लावायचं का, यावर सही त्यानं केली. ही म्हणाली, "गोळ्या कोणत्या चालूयेत ते मला माहिती, शुगर किती ते मला माहिती, अन् सही करायला हे." नवरा वाचला, म्हणून हे ती आता हसून सांगते. त्या वेळी डिपॉझिटचे पैसे गटानं रात्री नऊ वाजता पेटी उघडून दिले होते, तिच्या नावावर. कर्जाला तिची सही चालली.

कायदा या बाबतीत आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुढं गेलेला आहे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. शुद्धीत असताना माणसानं लिहून ठेवावं, की मी बोलू शकलो नाही तर कोणते उपचार करायचे, कोणते नाही, आणि माझ्या वतीनं कोण ठरवणार. याला लोक लिव्हिंग विल म्हणतात. आधी त्याची पद्धत इतकी किचकट होती की कुणी वाटेला जाईना. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयानं ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर कागद होतो. उपचार थांबवायचे की नाही हे मग डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, घरच्यांची संमती घेतात. आपल्या राज्यात हे कागद सांभाळायला स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारीही नेमलेत. नगरपालिकेत जाऊन विचारायला काय जातंय?

त्या कागदात 'माझ्या वतीनं कोण' या जागी बायकोचं, सुनेचं, सासरी गेलेल्या लेकीचं नाव घालता येतं. घरातल्या पुरुषांना हे पचायला वेळ लागेल, बायकांनाही लागेल. आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "मरायचं लिहून ठिवायचं व्हय गं?" त्यांना आम्ही म्हटलं, आजी, जमिनीची वाटणी लिहिता तेव्हा मरणाचंच लिहिता की.

आता करोनाचं सांगतो. ते टाळता येणार नाही. १३ मार्च २०२० ला आपल्या राज्यात साथरोग कायदा लागू केला, तोच, १८९७ चा. सव्वाशे वर्षांनी पुन्हा आजारी माणूस घरातून उचललं गेलं आणि दार बंद झालं. या वेळी सोल्जर नव्हते, पीपीई किट घातलेली आपलीच पोरं होती. रोग श्वासातून पसरत होता, बंदी घालणं भाग होतं. पण जे झालं ते झालं. फोनवर एखाद्या भल्या सिस्टरनं व्हिडिओ लावून दिला तर चेहरा दिसला. नाहीतर थेट बांधलेली पिशवी. आमच्या गावात अशी घरं आहेत जिथं बाईला अजून वाटतं, पिशवीत दुसरंच कुणी असेल. २०२१ चा एप्रिल तर कुणी विसरू शकणार नाही. २१ तारखेला नाशिकच्या डॉक्टर झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळाली, बावीस रुग्ण गुदमरून गेले. दोनच दिवसांनी विरारला एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूला आग.

आणि मग आपलं नगर. ६ नोव्हेंबर २०२१, शनिवार, भाऊबीज. साथ ओसरत आली होती, बायका माहेरी निघालेल्या. सकाळी अकराच्या सुमाराला जिल्हा रुग्णालयाच्या करोना आयसीयूत आग लागली. आत सतरा रुग्ण होते. त्या दिवशी अकरा गेले, नंतरच्या दिवसांत आकडा वाढला. विभाग करोनासाठी नव्यानं तयार केलेला होता. आयसीयूत आग का भडकते ते समजून घ्या. चोवीस तास चालणारी यंत्रं एकाच वायरिंगवर, एसीसाठी खिडक्या बंद, आणि हवेत ऑक्सिजन जास्त. ठिणगी पडली की क्षणात धूर कोंडतो. आणि आतलं माणूस उठून पळू शकत नाही, त्याच्या नाकातोंडात नळ्या असतात. बाहेर थांबलेले नातेवाईक धुरात शिरायला धावले होते. त्या दिवशी दार जंतूंसाठी बंद होतं, आणि धोका आतून आला.

राज्य सरकारनं मृतांच्या कुटुंबांना पाच लाख रुपये जाहीर केले. नाशिकच्या विभागीय आयुक्तांखाली चौकशी समिती नेमली. काही डॉक्टर निलंबित झाले. पोलिसांनी अटक केली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. चौघीही बायका. परिचारिकांच्या संघटना रस्त्यावर आल्या, की वायरिंग आम्ही केलं का, अग्निशमनाचं बजेट आमच्या हातात होतं का? कुणाची किती चूक ते न्यायालय ठरवेल, आम्ही ठरवणार नाही. आम्हाला एवढंच दिसतं की रात्रपाळीला उशाशी बसायला बाई, दाराबाहेर रडायला बाई, आणि बेडी पडायचीही बाईच्याच हातात. इमारतीच्या कागदावर सह्या मात्र दुसऱ्यांच्या असतात.

म्हणून आता आमच्या गटातलं कुणी दवाखान्यात दाखल झालं की आम्ही आधी दोघीजणी पाठवतो. एक पैशाचं बघते, एक माणसाचं. पैशाचं बघणारी आरोग्यमित्राला शोधते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आजार बसतो का, ते तोच सांगतो. दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर दहा टक्के खाटा गरिबांना मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, हे २००६ पासून उच्च न्यायालयाच्या योजनेत आहे. ते विचारायला लाजायचं नाही. बिलासाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हे राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेलं आहे. आणि रुग्णाची किंवा घरच्यांची तयारी नसेल तर आयसीयूत भरती करता येत नाही, असं केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ मधल्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

माणसाचं बघणारी पास कुणाकडं आहे ते बघते. बायको, लेक, सून यांना पाळीपाळीनं आत जाता येईल असं घरच्यांशी बोलते, आणि गरज पडली तर सिस्टरशी. आत जाणारीनं बांगड्या काढून कोपरापर्यंत हात धुवायचे, फुलं-अंगारा बाहेर ठेवायचा, खोकला असेल तर जायचंच नाही. आत गेल्यावर नळ्यांना हात न लावता हात धरायचा, नाव घेऊन बोलायचं. आपण कोण ते सांगायचं, वार कोणता, घरी कोण आलंय ते सांगायचं. भूल दिलेल्या माणसाला ऐकू येईलच असं नाही, पण येत नाही असं धरून चालू नका. त्याच्या खाटेशी उभं राहून खर्चाचं आणि वाटणीचं बोलू नका. आणि बाहेर पडताना आगीतून निघायची दुसरी वाट कुठं आहे, तिला कुलूप आहे का, तेवढं बघून या. कुलूप असेल तर काउंटरवर विचारा, कागदावर लिहून द्या, पोच घ्या.

आमच्या वहीत आता 'कारण' या रकान्याशेजारी आम्ही आणखी एक रकाना आखला आहे, 'आत कोण जाणार'. प्रत्येकीनं आपलं नाव आधीच लिहायचं आहे. चौदाजणींनी लिहिलंय. सहाजणींनी नवऱ्याचं, पाचजणींनी लेकीचं, एकीनं सुनेचं, एकीनं शेजारणीचं. आणि ज्या आजी मरायचं लिहून ठेवायला तयार नव्हत्या, त्यांनी गटाचंच नाव लिहिलं आहे.